मोबाईलमधून डिलीट करण्याआधी हे वाचा
(गुगल ड्राइव्ह सिंक लावून घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मोबाईलवरून काढलं होतं, मग कॉम्प्युटरमधून कसं गेलं?" हे विचारायला दर थोड्या दिवसांनी कोणीतरी दुकानात येतं. सिंक म्हणजे वेगवेगळ्या प्रती नव्हेत, मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे ड्राइव्हमधल्या त्याच फाइली दिसतात. बँकेतलं खातं एकच असतं. पैसे एटीएममधून काढा नाहीतर मोबाईलवरून पाठवा, शिल्लक कमी होतेच. तसंच मोबाईलवर फोल्डर उडवलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरमधलंही उडतं.

'स्टोअरेज फुल' दिसलं की बरेच जण ड्राइव्ह उघडून जुनी बिलं, जीएसटीची रिटर्न्स काढून टाकतात. मुळात ऑफलाइन ठेवलेल्या सोडल्या तर ड्राइव्हच्या फाइली मोबाईलमध्ये नसतातच, तिथे नुसती यादी दिसते. म्हणजे मोबाईलमध्ये जागा होत नाही ती नाहीच, वर कामाच्या फाइली जातात. आधी व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढा. फोटोंसाठी गुगल फोटोजमधलं 'फ्री अप स्पेस' वापरा. त्याने बॅकअप झालेले फोटो फक्त मोबाईलमधून निघतात. तेच फोटो निवडून डिलीट केलेत तर खात्यातूनही जातील.

चुकून गेलंच, तर ट्रॅशला, म्हणजे डिलीट केलेलं जिथे जाऊन पडतं त्या जागेला, हात लावू नका. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस राहते, बॅकअप झालेला फोटो 60 दिवस. या मुदतीत आलात तर काम थोडक्यात होतं. ट्रॅशही 'साफ' करून आलात, तर आमचे तास जातात आणि हाती काही लागेल याची खात्री नसते.

फुकटचे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. ते भरले की सिंक थांबतं, मेल येणंही बंद होऊ शकतं. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्यातला चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. बॅकअप घेऊन ती फाइल तिथे ठेवावी.

सिंक लावताना आम्ही एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायला सांगतो, तेव्हा काहींना वाटतं माल खपवतोय. आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. पण हिशोबाची एक प्रत सिंकच्या बाहेर हवीच. आठवड्याला कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. आमच्याकडून घेतलीत तर पहिली कॉपी आम्ही करून देतो, वेगळे पैसे नाहीत.

येताना मोबाईल सोबत आणा. चिठ्ठीवर पासवर्ड लिहून कामाच्या मुलाला पाठवू नका, आम्ही तो घेत नाही. पासवर्ड आणि ओटीपी तुम्हीच समोर बसून टाकायचा.