एप्रन चढवण्याचा सोहळा आला कुठून?

नीटच्या प्रवेशफेऱ्या आटोपल्या की बऱ्याच मेडिकल कॉलेजांच्या सभागृहांत एकसारखं दृश्य दिसतं. नावं पुकारली जातात, फर्स्ट इयरची मुलं-मुली एकेक करून मंचावर जातात आणि प्राध्यापक त्यांना एप्रन चढवतात. नव्या कापडाची घडी मोडलेली नसते, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या असतात. खाली आईवडील मोबाइल उंचावून उभे असतात. मग शपथ होते. हे सगळं आता इतकं रुळलं आहे की कॉलेजांइतकंच जुनं वाटावं. पण मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, आणि हा सोहळा जगातच साडेतीन दशकांच्या आसपासचा.

पांढरा एप्रन मात्र त्याच्या बराच आधीचा. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले डॉक्टर काळ्या कोटातच शस्त्रक्रिया करत. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत रुजली, प्रयोगशाळेचं महत्त्व वाढलं, तसा पोशाख पांढरा झाला. फिलाडेल्फियाचे चित्रकार थॉमस ईकिन्स यांच्या दोन चित्रांत हा बदल स्पष्ट दिसतो. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस आणि त्यांचे सहायक काळ्या कोटात आहेत, तर १८८९ च्या चित्रात डॉ. अ‍ॅग्न्यू आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या कपड्यांत. या दोन चित्रांच्या मधल्या काळात, त्याच शहरात आनंदीबाई जोशी वैद्यक शिकत होत्या. मार्च १८८६ मध्ये त्यांना एम.डी. मिळाली.

सोहळ्याची सुरुवात अमेरिकेतच झाली. १९८९ साली शिकागो विद्यापीठात विद्यार्थ्यांना समारंभपूर्वक पांढरे कोट दिले गेले. आज ओळखतो त्या स्वरूपात तो १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाला. तिथले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड गोल्ड यांचं म्हणणं साधं होतं: पदवीच्या दिवशी शपथ देणं म्हणजे चार वर्षं उशीर. माणूस रुग्णाजवळ जायला लागतो तेव्हाच त्याला जबाबदारीची जाणीव करून द्यायला हवी. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने हा प्रघात पुढे देशोदेशी नेला.

आपल्याकडे या स्वागताला वेगळंच वजन आहे. कारण कितीतरी पिढ्यांचं स्वागत सभागृहात नव्हे, हॉस्टेलच्या खोलीत झालं. रात्री उठवून ‘इंट्रो’ घ्यायचा, मान खाली घालून उभं करायचं, आणि याला परंपरा म्हणायचं. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला, आणि त्यानंतर देशभर कडक नियम आले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक जे हमीपत्र भरून देतात, ते त्याच नियमांतून आलेलं. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि एमबीबीएसची सुरुवात फाउंडेशन कोर्सने, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या ओळखवर्गाने, होऊ लागली. स्वागताला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली.

त्याच अभ्यासक्रमात ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ असा एक पाठ आहे. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी टेबलाभोवती उभं राहून, देहापुढे फुलं ठेवून घेतलेली शपथ मला एप्रनच्या सोहळ्याहून मोलाची वाटते. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं तेव्हा मृतदेहाला हात लावणं हेच मोठं धाडस होतं. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाने बेवारस देह कॉलेजांना देण्याची तरतूद केली. म्हणजे अनेक पिढ्या ज्यांच्यावर शिकल्या त्यांचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. आता स्वेच्छेने देहदान करणारेही आहेत. त्या सगळ्यांपुढे मान झुकवायला कॉलेजांना फार वेळ लागला.

शपथ कोणती, यावर २०२२ मध्ये वाद पेटला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने प्रवेशाच्या वेळी महर्षी चरक शपथ घ्यावी अशी शिफारस केली. चरकसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या ‘विमानस्थान’ नावाच्या विभागातल्या आठव्या अध्यायात गुरूने शिष्याला दिलेला तो उपदेश आहे. रुग्णाचं अहित मनातही आणू नये, त्याच्या घरातलं बाहेर बोलू नये, हे त्यातलं आजही खणखणीत आहे. राजाला अप्रिय असलेल्यावर उपचार करू नयेत, हे मात्र आज कुणी म्हणू शकणार नाही.

जागतिक वैद्यक संघटनेच्या १९४८ च्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ साली दुरुस्ती झाली. आधी तिच्यात शिक्षकांविषयीचा आदर आणि कृतज्ञता होती. आता सहकारी आणि विद्यार्थीही त्यात आले, आणि डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष द्यावं हे वाक्यही आलं. शपथ कुठलीही निवडा, विद्यार्थ्यांच्या आदराचं ते वाक्य तिच्यात असू द्या. आणि ते म्हणायला नव्या मुलांच्या बरोबरीने सेकंड इयर आणि थर्ड इयरलाही सभागृहात उभं करा.