इंग्लंडच्या बोर्डिंग स्कूलमध्ये राहायला जाताय? आधी हे वाचा

नमस्कार. आमच्यामार्फत इंग्लंडमधल्या बोर्डिंग स्कूलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आम्ही हे पत्रक देतो. व्हिसा आणि कागदपत्रांचं पत्रक वेगळं आहे, हे फक्त तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल. मुलाखतीत सगळे पगार विचारतात, वर्ग कुठले ते विचारतात, आणि "राहायची सोय शाळेतच आहे" एवढं कानावर आलं की खूश होऊन पुढचं काहीच विचारत नाहीत. खरे प्रश्न तिथूनच सुरू होतात हो. आमची फर्म तिघांची, त्यातली मी स्वतः नऊ वर्षं मुलींच्या बोर्डिंग हाउसमध्ये, म्हणजे शाळेतल्या मुली राहतात त्या घरात राहिले, आधी ट्यूटर (हाउसच्या मुलांकडे लक्ष देणारी शिक्षिका) म्हणून आणि मग हाउसमिस्ट्रेस (त्या घराची प्रमुख) म्हणून, त्यामुळे खाली लिहिलंय ते बरंचसं स्वतः अनुभवलेलं आहे.

दिवस कसा जातो

शाळेशाळेत वेळा थोड्या मागेपुढे असतात पण साचा एकच. सातच्या आसपास उठवायची घंटा, साडेसातला नाश्ता, मग हाउसमध्ये हजेरी, असेंब्ली किंवा चॅपल (शाळेच्या चर्चमधली प्रार्थना), आणि पावणेनऊ-नऊला तास सुरू. जेवण मुलांबरोबरच एका हॉलमध्ये. दुपारनंतर गेम्स, आणि हे आधीच मनात धरून चला की तुम्हाला फिजिक्ससाठी घेतलं असलं तरी आठवड्यातून एक-दोन दुपारी मैदानावर किंवा नाटकाच्या तालमीला किंवा डिबेट क्लबला उभं राहावं लागणार, करारात त्याला को-करिक्युलर म्हणतात आणि तो कामाचाच भाग असतो, मेहेरबानी नाही. बऱ्याच शाळांत शनिवारी सकाळी तास आणि दुपारी मॅचेस असतात. म्हणजे सुट्टीचा असा रविवारच, तोही ड्युटी नसेल तर.

संध्याकाळी जेवण झालं की सातच्या सुमाराला प्रेप. प्रेप म्हणजे मुलांनी शांत बसून केलेला गृहपाठ, आणि ज्याची ड्युटी आहे त्याने तिथे फिरत राहायचं. मग तासभर मोकळा वेळ, टोस्ट, गप्पा, घरी फोन, आणि मग लहानांचे फोन जमा करून वयाप्रमाणे एकेका मजल्याचे दिवे बंद. अकरा वर्षांची मुलं नऊ-साडेनऊला झोपतात, सिक्स्थ फॉर्मची म्हणजे सोळा ते अठराची अकरापर्यंत जागी असतात, त्यामुळे ड्युटीची रात्र लांबते.

ही ड्युटी ट्यूटरला बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक रात्र आणि काही वीकेंड असते. हाउसमास्टर, हाउसमिस्ट्रेस किंवा हाउसपेरेंट असाल तर गोष्टच वेगळी, ते घरच तुमचं आणि साठ मुलं तुमच्या भिंतीपलीकडे. इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळांसाठी सरकारचे नॅशनल मिनिमम स्टँडर्ड्स आहेत, आत्ताचे सप्टेंबर २०२२ पासून लागू आहेत, त्यात स्पष्ट आहे की प्रत्येक बोर्डिंग हाउसमध्ये रात्री जबाबदार असा निदान एक मोठा माणूस झोपायलाच हवा आणि रात्री त्याला कसं गाठायचं हे मुलांना माहीत हवं. म्हणून मुलाखतीत विचारा: माझ्या रात्री किती, त्या रात्री झोपमोड झाली तर दुसऱ्या दिवशी पहिला तास सुटतो का, आणि आठवड्यातला पूर्ण मोकळा दिवस कुठला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला उभंच राहावं लागतं असं अनेक ठिकाणी आहे. चालेल की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरवून जा.

रात्रीचं दार

माझं पहिलं वर्ष, नोव्हेंबर महिना. रात्री सव्वादहा, मी फ्लॅटमध्ये वह्या तपासत बसले होते आणि दारावर अगदी हळू टकटक झाली. उघडलं तर इयर सेव्हनमधली, म्हणजे अकरा-बारा वर्षांची एक मुलगी, पायात मोजे, हातात टूथब्रश आणि ब्रशवरची पेस्ट तशीच वाळलेली, म्हणजे कितीतरी वेळ ती कॉरिडॉरमध्येच उभी होती. "झोप येत नाही" एवढंच म्हणाली. आपला पहिला जीव असा होतो की ये बाळा आत, बस, दूध देते. मीही तेच करणार होते. पण नियम असा की मुलांनी स्टाफच्या घरात यायचं झालंच तर ते नीट देखरेखीखाली, एकटं मूल आणि एकटा शिक्षक असं नाही, आणि कुणाचे लाड होतायत असं तर अजिबात नाही. मग मी बाहेर आले, दार उघडं ठेवलं, कॉरिडॉरच्या बाकावर दोघी बसलो, मेट्रनला, म्हणजे हाउसमध्ये मुलींची औषधं-कपडे बघणाऱ्या बाईंना हाक मारली. वीस मिनिटांनी कळलं की हाँगकाँगला तिच्या आजीचं ऑपरेशन होतं, तिथे तेव्हा पहाटेचे सव्वासहा वाजले होते, आणि हिचा फोन नऊलाच जमा झालेला. हाउसच्या ऑफिसमधून फोन लावून दिला. दोन मिनिटं बोलली आणि जाऊन झोपली.

हे एवढं सविस्तर सांगतेय कारण प्रेम आणि नियम यात तिथे भांडण नाही, कॉरिडॉरच्या बाकावर बसूनही मुलाला धीर देता येतो. मुलाने विश्वासाने काही सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका, काळजीची गोष्ट असेल तर ती डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीडकडे (मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाकडे) त्याच दिवशी गेली पाहिजे. मुलांना आपला खाजगी नंबर देऊ नका, इन्स्टावर जोडू नका. कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन नावाचं सरकारी मार्गदर्शन आहे, ते साधारण दर सप्टेंबरला नवं येतं, शाळा वाचायला देते आणि सही घेते. सही करायची म्हणून करू नका, खरंच वाचा, रात्री बारा वाजता प्रसंग येतो तेव्हा तेच आठवतं.

आणि फायर अलार्म. मुलं हाउसमध्ये असतानाच्या वेळेत दर टर्मला निदान एक ड्रिल करावीच लागते. दाराशी एक कोट, बूट आणि टॉर्च ठेवा. अंधारात ओल्या गवतावर पायजम्यातल्या पन्नास मुलींची हजेरी घेताना स्लिपर किती निसरड्या असतात ते मी सांगायला नको.

घर तुमचं, पण किती तुमचं

हा भाग दोनदा वाचा. शाळेने दिलेलं घर हे बहुतेक वेळा नोकरीला जोडलेलं असतं, त्या कागदाला सर्व्हिस ऑक्युपन्सी म्हणतात, आणि त्यात तुम्ही भाडेकरू नसता. नोकरी संपली की घर संपलं. मी एक शाळा सोडली तेव्हा कराराप्रमाणे शेवटच्या दिवसापासून पंधरा दिवसांत घर रिकामं करायचं होतं, ऐन जुलैमध्ये, दोन मुलं घेऊन, आणि मी तो कागद आधी नीट वाचलाच नव्हता. शाळेची चूक काही नव्हती म्हणा, सही माझीच होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो, मुदत किती ते बघा आणि निदान दोन महिने मिळतात का ते विचारा. आजारपण किंवा बाळंतपणाची रजा लागली तर घराचं काय हेही तेव्हाच विचारा.

कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा), हीटिंग आणि इंटरनेट कोण भरतं हे लेखी घ्या, जुन्या दगडी इमारतींना हिवाळ्यात हीटिंग फार लागतं. इन्कम टॅक्सचंही बघा. फुकटचं घर हा पगाराचाच भाग धरून त्यावर टॅक्स लागू शकतो. काम नीट होण्यासाठी तिथे राहणं गरजेचंच असेल, किंवा राहिल्याने काम जास्त चांगलं होतं आणि तशा नोकरीत घर द्यायची रीतच आहे असं असेल, तर सूट मिळते. हाउसपेरेंटचं सहसा बसतं, आठवड्याला एक रात्र ड्युटी करणाऱ्याचं बसेलच असं नाही, म्हणून शाळेच्या पेरोलवाल्यांना थेट विचारा.

जेवण टर्ममध्ये फुकट. पण सुट्टी लागली की किचन बंद! पहिल्या ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे टर्मच्या मधल्या सुट्टीला बरेचजण इथे फसतात, शाळा गावाबाहेर, रविवारी बस नाही, फ्रिज रिकामा. वर्षात तीन टर्म, प्रत्येकीच्या मधोमध हाफ टर्म, शिवाय एग्झिएट म्हणजे मुलं घरी किंवा गार्डियनकडे जातात तो वीकेंड. या तारखा वर्षभर आधी मिळतात, कॅलेंडरवर लावा आणि सामान आधी भरून ठेवा. बाहेरच्या देशाचं कार लायसन्स तिथे राहायला आल्यावर १२ महिने चालतं, तेवढ्यात तिथली टेस्ट द्या. मिनीबस चालवायला कुणी सांगितलं तर मात्र लगेच हो म्हणू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

नवरा, बायको, मुलं, आईवडील

तुमच्याबरोबर बोर्डिंगच्या आवारात राहणारं १६ वर्षांवरचं जे कुणी शाळेचं विद्यार्थी किंवा नोकर नसेल, त्या प्रत्येकाचा एन्हान्स्ड डीबीएस चेक (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) होतो आणि शाळेबरोबर लेखी करार होतो, मुलांशी कसं वागायचं, पाहुणे आले तर त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचं, सगळं त्यात असतं. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, हाउसमास्टरच्या बायकोलाही हेच लागू आहे. पण सासूबाई सहा महिने राहायला येणार असतील तर तिकीट काढायच्या आधी शाळेला विचारा, नंतर नाही.

सगळ्यात कठीण जातं ते जोडीदाराला. तुम्ही दिवसभर माणसांत असता आणि तो किंवा ती चौथ्या मजल्यावर. डिसेंबरमध्ये दक्षिण इंग्लंडमध्येसुद्धा चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पहिल्याच महिन्यात गावातल्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) सगळ्यांची नावं नोंदवा, त्यासाठी हेल्थ सरचार्ज तुम्ही व्हिसाबरोबर भरलेलाच असतो, ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पाउंड आहे, मग वापरायला संकोच कसला. आणि तुमच्या मोकळ्या दिवशी आवाराबाहेर जा, अगदी नुसतं शेजारच्या गावात कॉफीला. आवारातच थांबलात तर कुणीतरी हाक मारणारच, आणि तुम्ही ओ देणारच.

बोली कळायला वेळ लागतो

विंचेस्टर १३८२ ची, ईटन १४४० ची, एवढ्या जुन्या शाळा म्हटल्यावर प्रत्येकीची आपली भाषा असणारच. ईटनमध्ये टर्मला हाफ म्हणतात, वर्षात तीन हाफ, आणि हाउसच्या मेट्रनला डेम. विंचेस्टरमध्ये शिक्षकाला डॉन. कळलं नाही तर मुलांनाच विचारा, त्यांना सांगायला फार आवडतं. मेट्रनशी मात्र पहिल्या दिवसापासून नीट राहा. औषधं, कपडे, कोण रडलं, कोण जेवलं नाही, सगळं तिला आधी कळतं.

ऑफर आली की करार, घराचा कागद आणि ड्युटीचा तक्ता असे तिन्ही आम्हाला सही करायच्या आधी पाठवा. ड्युटीचा तक्ता शाळा आपणहून देत नाही, मागावा लागतो, लाजू नका, आम्हीही तुमच्या वतीने मागू. तिन्ही कागद शेजारी ठेवून आपण एक तास फोनवर बोलू, त्याचे वेगळे पैसे नाहीत.