एमआरपीपीतले सगळेच उजवीकडे गेले?

पोर्तुगालमध्ये एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: एमआरपीपी या माओवादी गटातली पोरं पुढे सगळी उजवीकडे वळली. दाखला ठरलेला, दुराव बरोझो. तरुणपणी ते या गटात होते, २००२ मध्ये उजव्या पक्षाचे पंतप्रधान झाले, मग युरोपीय आयोगाचे अध्यक्ष. हे खरं आहे, पण एकावरून सगळ्यांना मोजणं साफ चूक.

१९७० मध्ये हा गट उभारणाऱ्यांपैकीच एक, फर्नांदो रोझास. जन्म १९४६, लिस्बन. कायदा शिकत असतानाच पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजकीय पोलिसांनी त्यांना तुरुंगात टाकलं. १९६१पर्यंत गोव्यावर होती, तीच ही राजवट. पुढे गटाचं 'लुता पोपुलार' हे मुखपत्र त्यांनी चालवलं. नंतर गट सुटला, डावी वाट सुटली नाही. लिस्बनच्या नोव्हा विद्यापीठात ते इतिहासाचे प्राध्यापक झाले आणि ज्या राजवटीने आपल्याला कोंडलं तिचाच त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. मला हे फार मोठं वाटतं. १९९९ मध्ये 'ब्लोको द इश्केर्दा' हा डावा पक्ष स्थापण्यात ते पुढे होते, २००१ मध्ये त्याच पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले आणि हरले. संसदेतही बसले ते डाव्या बाकांवरच.