आवाज न करणारा डेस्कटॉप घरी जोडताय? पार्ट घेण्याआधी हे वाचा

पार्ट घ्यायला येणारे बरेच जण पहिला प्रश्न विचारतात, सायलेंट फॅन कुठला आहे? आणि आम्ही उलट विचारतो, प्रोसेसर कुठला घेताय. मग त्यांना वाटतं ह्यांना काहीतरी महागाचं गळ्यात मारायचंय. तसं काही नाही, खरं तर ह्या पत्रकातल्या अर्ध्या गोष्टींनी आमची विक्री कमीच होते. पण मुद्दा असा की आवाज सुरू होतो तो उष्णतेपासून. आत जितके वॅट जळतात तितकी गरमी बाहेर काढावीच लागते, ती काढायला हवा लागते, हवा हलवायला पंखा लागतो, आणि पंख्याला जोरात पळवलं की तो ओरडणारच, मग तो कितीही भारी कंपनीचा असो. म्हणून आधी गरमी कमी करायची, मग उरलेली गरमी मोठ्या पंख्यांनी हळूहळू बाहेर काढायची. बाकी सगळं ह्याच्याच पोटात येतं.

थोडा हिशोब, एकदाच

पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आता दुसरी बाजू बघा, एका पंख्याच्या जागी तसेच दोन लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १६०० आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे) पळणारा एक पंखा काढून ८०० वर फिरणारे दोन लावले तर कागदावर हवा तेवढीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. प्रत्यक्षात कॅबिनेटमध्ये हवेला अडथळे असतात त्यामुळे आकडे इतके चोख येत नाहीत, पण दिशा हीच. म्हणून जास्त पंखे म्हणजे जास्त आवाज हा समज डोक्यातून काढून टाका. १२० मिमीपेक्षा १४० मिमीचा पंखा बसत असेल तर तोच घ्या, तेवढीच हवा तो कमी वेगात देतो.

प्रोसेसर निवडतानाच अर्धी लढाई असते

बॉक्सवर ६५ वॅट लिहिलंय म्हणून तो ६५च खाईल असं समजू नका. इंटेलच्या कोअर आय७ १३७०० वर बेस पॉवर ६५ आहे पण टर्बोत, म्हणजे जोर लावून पळताना, तो २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय९ १४९००के तर २५३ पर्यंत. एएमडीचं गणित थोडं वेगळं, तिथे ६५ वॅटवाला रायझन सॉकेटमधून (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) ८८ पर्यंत घेतो आणि १७० वाला २३० पर्यंत. एवढी गरमी गुपचूप बाहेर काढणं कुठल्याच कूलरला (प्रोसेसरवर बसवून त्याची गरमी काढणारा पार्ट) जमत नाही.

पण भारी प्रोसेसर घेतलाच असेल तर घाबरू नका, बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू) जाऊन त्याला लगाम घाला. इंटेलमध्ये पॉवर लिमिटचे दोन आकडे असतात, पीएल१ (सतत चालताना) आणि पीएल२ (टर्बोत), ते खाली आणता येतात. रायझनमध्ये त्यासाठी इको मोड नावाची तयार सेटिंग असते. स्पीड फार पडेल अशी भीती असते लोकांना, पण शेवटच्या थोड्याशा मेगाहर्ट्झसाठी प्रोसेसर व्होल्टेज चढवतो आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे तो शेवटचा घास सगळ्यात महाग पडतो. तेवढा सोडला की गरमी धाडकन उतरते आणि रोजच्या कामात फरक कळतही नाही. व्हिडिओ रेंडर तासन्‌तास लावणाऱ्यांना कळेल, त्यांनी मधला आकडा शोधावा.

ग्राफिक कार्डाचंही तसंच. गेम खेळत नसाल, एडिटिंग नसेल, तर कार्ड घेऊच नका, प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स पुरतं आणि एक मोठा आवाज मुळातच जातो (पण प्रोसेसर घेताना त्यात ते आहे ना हे बघा, इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर नसतं). कार्ड घ्यायचंच असेल तर त्याच चिपचं मोठ्या हीटसिंकवालं (गरमी ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं) मॉडेल घ्या, आणि कमी लोडला पंखे पूर्ण थांबवणारं घ्या, हल्ली बहुतेकांत ते असतं. मग एमएसआय आफ्टरबर्नर ह्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट थोडी खाली ओढा, हे सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही चालतं.

कार्डातून कधी कधी बारीक चिरचिर येते, पंखा बंद असला तरी. ती कॉइलची असते, करंट झपाट्याने कमीजास्त झाला की कॉइल थरथरते. गेमच्या मेनूत फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कित्येक शेवर जातो तेव्हा ही जास्त ऐकू येते, म्हणून फ्रेम रेटला मर्यादा घाला, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. हा पार्ट खराब असल्याचा पुरावा नाही, त्यामुळे फक्त ह्यासाठी वॉरंटीत कार्ड बदलून मिळेलच असं धरून चालू नका.

कॅबिनेट: फोम की जाळी?

आमचं मत सरळ आहे, जाळीवालं घ्या. साउंडप्रूफ म्हणून जी कॅबिनेट विकली जातात त्यांच्या दारांना आतून फोम किंवा जड शीट चिकटवलेली असते आणि पुढचं तोंड बऱ्यापैकी बंद असतं. कमी वॅटच्या मशीनला ती ठीक आहेत, हार्ड डिस्कची गुणगुण खरंच दाबतात. पण ग्राफिक कार्डवालं मशीन त्यात घातलं की हवा कोंडते, तापमान चढतं, पंखे पळायला लागतात, आणि फोमने वाचवलेलं सगळं पंखे वसूल करून घेतात. जाळीतून आवाज थेट बाहेर येतो हे खरं, पण पंखे ६०० वर फिरत असतील तर बाहेर यायला आवाज हवा ना.

घेण्याआधी दोन मापं बघा, कूलरची उंची आणि कार्डाची लांबी. चांगले टॉवर कूलर (उभ्या हीटसिंकला पंखा लावलेले) १५५ ते १६५ मिमी उंच असतात आणि बारक्या कॅबिनेटचं दार त्यावर बसत नाही. हे घरी गेल्यावर कळलं की फार चिडचिड होते.

कूलरबद्दल बोलायचं तर शांत मशीनसाठी आम्ही आधी हवेचा टॉवर कूलरच सुचवतो. लिक्विड कूलर दिसायला मस्त, खूप गरम प्रोसेसरला उपयोगीही, पण त्यात पंप सतत चालू असतो, मशीन रिकामं असलं तरी, आणि रात्री शांत खोलीत तोच ऐकू येतो. घेतलाच तर पंप हा पाणी फिरणाऱ्या लूपमधला सगळ्यात उंच भाग होणार नाही असा रेडिएटर (पंख्यांनी पाणी थंड करणारी जाळी) बसवा, नाहीतर हवेचा बुडबुडा पंपात अडकतो आणि गुळगुळ सुरू. पंखा अजिबातच नसलेले कूलरही मिळतात, नॉक्टुआचा एनएच-पी१ हा २०२१ मध्ये आलेला तसाच आहे, पण त्याला कमी वॅटचा प्रोसेसर आणि खूप मोकळं कॅबिनेट लागतं. हौस असेल तर करा.

एसएमपीएस आणि डिस्क

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, गोल्ड रेटिंगचा घ्या. ८० प्लस गोल्ड म्हणजे अर्ध्या लोडला किमान ९० टक्के कार्यक्षमता. मशीनला ३०० वॅट लागत असतील तर असा एसएमपीएस साधारण ३३ वॅट स्वतः गरमीत घालवतो, ८० टक्केवाला ७५ घालवतो, आणि ती गरमी त्याच्याच छोट्या पंख्याने बाहेर काढायची असते. गरजेपेक्षा थोडा मोठा घेतला तर तो निवांत चालतो आणि सेमी पॅसिव्ह (कमी लोडला पंखा बंद ठेवणारा) असेल तर रोजच्या कामात त्याचा पंखा फिरतच नाही.

फिरणारी हार्ड डिस्क मशीनमध्ये ठेवू नका, बस. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, ती थरथर पत्र्यात उतरते आणि अख्खं कॅबिनेट गुणगुणतं, ते दाबणं पंख्यापेक्षा अवघड. सिस्टिम आणि रोजच्या फाइल एनव्हीएमई एसएसडीवर (काही न फिरणारी, थेट बोर्डावर बसणारी डिस्क), जुने फोटो व्हिडिओ दुसऱ्या खोलीतल्या नासवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा) किंवा लागेल तेव्हाच जोडायच्या बाहेरच्या डिस्कवर. आत ठेवणं भागच असेल तर रबरी वॉशरवर बसवा आणि स्क्रू आवळून टाकू नका, रबर दबला की त्याचा उपयोग संपला.

जोडताना

सगळी स्टेप बाय स्टेप माहिती मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते, ती इथे परत लिहीत नाही. फक्त आवाजाशी संबंध असलेलं सांगतो. कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते ती काढा, हसू नका, ती तशीच राहिलेली मशीन नेहमी येतात आणि तक्रार असते की पंखा थांबतच नाही. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी, कूलर दाबला की ती आपोआप पसरते. पंख्याची दिशा बघा, ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणाऱ्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते, बऱ्याच पंख्यांच्या कडेला बाणही असतो. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, आणि कूलरचा पंखाही मागच्या पंख्याकडेच फुंकणारा हवा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटींतून धूळ कमी शिरते.

पंखे चार पिनचे, म्हणजे पीडब्ल्यूएमवाले घ्या, त्यांचा वेग मदरबोर्डला नीट खाली आणता येतो. तीन पिनवाले व्होल्टेज कमी करून चालतात, तेही चालेल पण बायोसमध्ये त्या हेडरला (बोर्डावरची पंख्याची पिन लावायची जागा) डीसी मोड, म्हणजे व्होल्टेजने वेग बदलायची सेटिंग, द्यायला विसरू नका, नाहीतर पंखा कायम फुल स्पीडवर. आणि पंप लिहिलेल्या हेडरला साधा पंखा लावू नका, तिथेही बहुतेक बोर्डात फुल स्पीडच मिळतो.

फॅन कर्व्ह, इथे वेळ घाला

फॅन कर्व्ह म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ती रेषा. पार्ट उत्तम असूनही मशीन आवाज करत असेल तर कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. कंपनीने दिलेली सेटिंग प्रोसेसर थंड ठेवायला बनवलेली असते, तुमच्या कानासाठी नाही. आजकालच्या प्रोसेसरचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात १५-२० डिग्री उडी मारतं आणि लगेच खाली येतं, आणि पंखा बिचारा प्रत्येक उडीमागे धावतो, घूंऽऽ शांत, घूंऽऽ शांत. एकसारखा बारीक आवाज कान विसरतो पण हा चढउतार विसरत नाही, त्यामुळे आवाज कमी असण्याइतकंच तो स्थिर असणंही महत्त्वाचं.

बायोसमध्ये जा, असुसमध्ये क्यू-फॅन, गिगाबाइटमध्ये स्मार्ट फॅन, इतरांत असंच काहीतरी नाव असेल. ६०-६५ डिग्रीपर्यंत रेषा सपाट ठेवा, ५०० ते ७०० आरपीएमच्या आसपास. तिथून ८० पर्यंत हळूहळू चढवा, ८५-९० च्या पुढे मोकळं सोडा. मग स्टेप अप, स्मूदिंग किंवा हिस्टेरेसिस नावाचं सेटिंग शोधा, त्याने पंखा उडीला लगेच प्रतिसाद न देता काही सेकंद थांबतो. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानावर न चालवता मदरबोर्डच्या तापमानावर ठेवले तर आणखी बरं. गेम खेळणाऱ्यांना ते कार्डाच्या तापमानाशी बांधायला आवडतं, ते सहसा बायोसमधून होत नाही, विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी चांगलं आहे.

आणि जोरात काम चालू असताना ८० डिग्री दिसले म्हणून फोन करू नका 🙂 रायझन ७००० मालिका तर ९५ पर्यंत चालण्यासाठीच बनवलेली आहे. ५५ डिग्री बघून समाधान मिळतं हे मान्य, पण त्या समाधानाची किंमत कान भरतात.

एक गंमत, दोन पंखे जवळजवळ सारख्या वेगाने फिरत असतील, समजा ७०० आणि ७२०, तर त्यांचे आवाज एकमेकांत मिसळून व्वूं व्वूं अशी लाट ऐकू येते. पंखा खराब नसतो. एकाला ५५० वर आणा, लाट जाते.

आवाज येतोय पण कुठून ते कळत नाही?

कागदाची गुंडाळी करून एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटजवळ, आणि दार बंद ठेवून सावकाश फिरवा. आवाजाची जागा चटकन सापडते. मग सॉफ्टवेअरमधून एकेक पंखा शक्य तेवढा खाली आणून बघा. फिरत्या पंख्यात बोट घालून थांबवायचा प्रकार करू नका, प्लीज. साफ करताना ब्लोअर मारायचा असेल तर मशीन बंद करून पंख्याची पाती धरून मारा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं आणि जो आवाज नव्हता तो कायमचा सुरू होतो. नवीन पंखा आडवा लावायचा असेल, वरच्या छताला वगैरे, तर स्लीव्ह बेअरिंगवाला नको, तो आडवा लवकर खडखडतो, फ्लुइड बेअरिंगवाला घ्या.

मशीन भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका, मागून निघालेली गरम हवा फिरून पुढे येते. टेबलावर कानाजवळ ठेवण्यापेक्षा खाली बाजूला ठेवलेलं बरं, फक्त जमिनीला टेकलेलं नको, धूळ ओढतं. टेबल पोकळ लाकडी असेल आणि मशीन त्यावरच ठेवायचं असेल तर खाली जाड रबरी पाय लावा.

एवढं करूनही आवाज राहिला तर मशीन घेऊन या. येताना तो कधी येतो ते लिहून आणा, चालू करताना, गेममध्ये, की काहीच करत नसताना, आणि तेव्हा प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान किती होतं, पंखे किती आरपीएमवर होते. मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवून सहसा काही कळत नाही, मोबाइल स्वतःच बारीक आवाज कापतो.