डीएआरचा अर्ज: वंशावळ भिंतीवर असते, पुरावा सापडत नाही

ओळखीतल्या तीन घरांतून डीएआर या अमेरिकन महिला संस्थेच्या सदस्यत्वाचा हा अर्ज गेला आणि तिन्ही वेळा पहिल्या फेरीत शंका काढून परत आला. तिन्ही घरांत सून अमेरिकन. तिच्या माहेरी ‘आमचे पूर्वज क्रांतियुद्धात (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात) लढले’ हे आजीने आईला, आईने मुलीला सांगितलेलं. नात अठरा वर्षांची झाली म्हणून सगळ्यांनी हौसेने फॉर्म भरला. एका घरात तर वंशावळ फ्रेम करून दिवाणखान्यात लावलेली होती. पण जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यामागे ज्यांनी तालुक्याला खेपा घातल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको. नातं तोंडी सांगून भागत नाही, दर पिढीला कागद लागतो.

डीएआर म्हणजे डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन, १८९० साली स्थापन झालेली महिलांची संस्था. सरकारी नव्हे, पण कागद तपासताना भल्याभल्या सरकारी कचेऱ्यांना मागे टाकेल.

पात्रता अशी. अर्जदार १८ वर्षांची किंवा मोठी हवी, आणि १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळात स्वातंत्र्याच्या बाजूने काम केलेल्या व्यक्तीची ती रक्ताच्या नात्याने थेट वंशज हवी. पूर्वजाचा भाऊ लढला असेल तर उपयोग नाही. वंश वडिलांकडूनच मोजायचा असा नियम नाही, हे आपल्याकडच्यांना दोनदा सांगावं लागतं. आईकडून, आईच्या आईकडून, कसाही चालतो. म्हणून सून पात्र, नात पात्र, सासूबाई मात्र नाहीत. मुलग्यांसाठी १८८९ सालची सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही वेगळी संस्था आहे. ‘आपल्या रंगाच्या मुलीला घेतील का?’ हा प्रश्न मला हळू आवाजात विचारला जातो. वर्ण, धर्म यांची अट नाही. इतिहास मात्र उजळ नाही. १९३९ साली याच संस्थेने आपल्या सभागृहात मेरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला गाऊ दिलं नव्हतं. आज ते दिवस राहिले नाहीत.

पूर्वज बंदूकधारीच हवा असंही नाही. निष्ठेची शपथ घेतलेला, गावचं अधिकारपद सांभाळलेला, सैन्याला धान्य किंवा मांस पुरवलेला माणूस चालतो. व्हर्जिनियात सैन्याने नेलेल्या बैलाची भरपाई मागणारे दावे जपून ठेवलेत. एका बैलाच्या जोरावर अर्ज मंजूर होऊ शकतो.

प्रक्रिया साधी आहे. जवळच्या शाखेशी बोला, तिथल्या कागद सांभाळणाऱ्या बाई मदत करतात. संस्थेच्या ऑनलाइन शोधयादीत पूर्वजाचं नाव पाहा, फॉर्म भरा, झेरॉक्स जोडा (मूळ कागद कधीही पाठवू नका) आणि शुल्क भरा. पुढची तपासणी वॉशिंग्टनला होते.

आता अडतं कुठे ते.

पहिली ठेच आपल्याच पिढीत लागते, आणि सगळे १७७५ कडे बघत असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही. अमेरिकेत जन्मदाखल्याचा एक छोटा नमुना मिळतो, त्यावर आईवडिलांची नावं नसतात. तो चालत नाही, पूर्ण नमुना मागवा. आईवडिलांचं लग्न पुण्यात किंवा कोल्हापुरात झालं असेल, तर मराठी दाखल्याबरोबर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. आणि नावं जुळवा. दाखल्यावर मधलं नाव नवऱ्याचं, पासपोर्टवर वडिलांचं, जन्मदाखल्यावर मधलं नावच नाही, अशी तीन नावांची एकच बाई तपासणाऱ्याला तीन बायका वाटते.

दुसरी ठेच जुन्या अर्जाची. शोधयादीत पूर्वज सापडला, त्याच्यावर १९१० साली कुणा नातलग बाईंना सदस्यत्व मिळालेलं दिसलं, की घरात पेढे वाटले जातात. थांबा. तेव्हा पुरावे आजच्यासारखे तपासत नसत. नावाखाली ‘यापुढच्या अर्जदारांनी सेवा नव्याने सिद्ध करावी’ अशा अर्थाचा शेरा असला, तर जुन्या अर्जावर विसंबता येत नाही. शेरा वाचल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका. इंटरनेटवरची आयती वंशावळ जोडायच्या भानगडीतही पडू नका, ती कितीही देखणी असली तरी पुरावा नव्हे.

तिसरी अडचण १७९० ते १८५० या मधल्या साठ वर्षांची. पहिली राष्ट्रीय जनगणना १७९० ची, पण १८४० पर्यंतच्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी घर म्हणजे वयोगटांचे आकडे. सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं १८५० पासून, आणि प्रमुखाशी नातं काय ते १८८० पासून. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. जन्माच्या सरकारी नोंदी बहुतेक राज्यांत फार उशिरा सुरू झाल्या, पेनसिल्व्हेनियात तर १९०६ साली. मग १७९५ ला जन्मलेली मुलगी कुणाची, हे कोण सांगणार? बहुतेक वेळा बापाचं मृत्युपत्र.

आणि मृत्युपत्राइतका फसवा कागद नाही. इंग्रजी येतं म्हणून ते वाचता येईल असं समजू नका, शब्द तेच असले तरी अर्थ तेव्हाचे आहेत. ‘सन-इन-लॉ’ हा जावई असेल किंवा बायकोचा आधीच्या लग्नाचा मुलगा. ‘कझिन’ हा बरेचदा पुतण्या-भाचा निघतो. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं बाळ नव्हे, २१ वर्षांखालचा कुणीही. ‘ज्युनियर’ मुलगाच असेल असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो की परका. ‘नाऊ वाइफ’ वाचून लोक पहिली बायको शोधायला निघतात. ती असेलच असं नाही, वकिली भाषेत ‘आत्ता हयात असलेली’ एवढंच म्हणायचं असतं.

परत आलेल्या एका अर्जातलं व्हर्जिनियाचं मृत्युपत्र मी नातीबरोबर बसून वाचलं. बायकोला पूर्वेकडची खोली, एक गाय, एक पिसांची गादी आणि विधवा म्हणून तिचा कायद्याचा एकतृतीयांश हिस्सा. बायकोचं नाव? ‘माझी प्रिय पत्नी’, बस्स. दोन मुलींना पैसे, दोन मुलांना जमीन. आणि ज्याच्यावरून नातीचा वंश जायचा होता, तो थोरला मुलगा कुठेच नाही. सुनेचा चेहरा पडला. पण तेव्हा व्हर्जिनियात ज्येष्ठाधिकार होता: मृत्युपत्राने वाट न लावलेली जमीन आपोआप थोरल्याला जाई, हा कायदा १७८५ मध्ये रद्द झाला. शिवाय बाप हयातीतच थोरल्याला जमीन लिहून देई. म्हणून आम्ही खरेदीखतांची वही उघडली. बारा वर्षं आधीच्या एका पानावर बापाने ‘नैसर्गिक प्रेमापोटी आणि पाच शिलिंगांच्या मोबदल्यात’ मुलाला शेत दिलं होतं, नावासकट. बायकोचं नावही दुसऱ्या एका खतात मिळालं. नवरा जमीन विकताना ती आपला एकतृतीयांश हिस्सा सोडते आहे, असं न्यायालयाने तिला वेगळं विचारून लिहून घेतलेलं. कितीतरी बायकांची नावं फक्त अशा हक्कसोडीपुरती उरली आहेत.

मृत्युपत्र नसेल तर रडू नका. विनामृत्युपत्र मेलेल्याच्या फायलीत पुढे वाटणीची यादी असते, आणि त्यात लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट येतात. मालमत्तेची मोजदादही वाचा, पण मन घट्ट करून. किटली, नांगर, दोन खोंड, आणि त्याच शाईत, त्याच ओळींत, गुलाम माणसांची नावं आणि किंमत. कृष्णवर्णीय घरातल्या सुनेसाठी तिच्या पूर्वजाचं नाव असलेला एकमेव कागद हाच असू शकतो.

कागद ठेवलेत कुठे, हे राज्यागणिक बदलतं. व्हर्जिनियात काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टात, ऱ्होड आयलंडमध्ये गावाच्या कचेरीत, न्यू जर्सीची वसाहतकालीन मृत्युपत्रं एकत्र ट्रेंटनच्या राज्य अभिलेखागारात. काउंट्या फुटतही गेल्या. आज जी काउंटी आहे ती तेव्हा असेलच असं नाही. पालघर जिल्हा २०१४ चा, त्याआधीचा कागद ठाण्याच्या नावाने शोधावा लागतो, तसंच हे. काही ठिकाणी तर आगच लागली. व्हर्जिनियातल्या बकिंगहॅम काउंटीचं कोर्ट १८६९ ला जळालं, आणि काही काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून राजधानी रिचमंडला हलवलेले कागद एप्रिल १८६५ च्या आगीत तिथेच गेले. अशा वेळी व्हर्जिनियाच्या १७८२ पासूनच्या करयाद्या पाहा. सोळा वर्षांचा झालेला मुलगा बापाच्या नावावर दिसू लागतो.

तारखांवरून परत आलेले अर्ज तर विचारू नका. मृत्युपत्र लिहिल्याची तारीख वेगळी, कोर्टात सिद्ध झाल्याची वेगळी, आणि मृत्यू या दोहोंच्या मध्ये कधीतरी. लोक सिद्ध झाल्याचीच तारीख मृत्यूची म्हणून दडपून लिहितात. ‘या दोन तारखांच्या दरम्यान’ असं लिहा. १७५२ आधीचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे ११ फेब्रुवारी १७३१/३२ असं दुहेरी वर्ष दिसतं. हा जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म. १७५२ ला कॅलेंडर बदलताना ११ दिवसही गाळले, म्हणून आपण तो २२ फेब्रुवारी १७३२ म्हणून ओळखतो. दुहेरी वर्ष दिसलं तर दुहेरीच उतरवा, आपल्या मनाने सुधारू नका. एकाच भावाबहिणीत पाच महिन्यांचं अंतर निघालं तर आधी कॅलेंडर तपासा, मग त्या बाईवर संशय घ्या.

शेवटी, सैनिक किंवा त्याची विधवा पेन्शनीसाठी कोर्टात गेली असेल, तर ती फाइल सर्वांत आधी मागवा. १८३६ च्या कायद्याने विधवांना पेन्शन मिळू लागली, पण लग्नाचा पुरावा दाखवा म्हणून. दाखला नव्हताच. मग कित्येकींनी घरच्या बायबलमधलं मुलाबाळांच्या जन्मतारखा लिहिलेलं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं आजही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायलींत आहेत, आणि स्कॅन करून ठेवलेली बघायला मिळतात. आमच्या तिसऱ्या घरातल्या मुलीचा अर्ज अशाच एका पानावर सुटला.