पहिल्या लॉटमधील विद्युत पिकअप : विश्वासार्हतेची जोखीम

नवे मॉडेल बाजारात आल्यावर पहिल्या वर्ष-दीड वर्षात तयार झालेली विद्युत पिकअप घेतली, तर ग्राहकाच्या वाट्याला वारंवार बिघाड, रिकॉल (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) आणि सुट्या भागांची वाट पाहणे येऊ शकते. क्वचित गाडी बनवणारी कंपनीच बुडते. हा अनुभव मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथे पिकअप हे शेतकऱ्यांचे, ठेकेदारांचे रोजचे वाहन आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये रिव्हियन आर१टी ग्राहकांच्या हाती पडू लागली, त्याच वर्षाअखेर जीएमसीची हमर ईव्ही आली, २०२२ मध्ये फोर्ड एफ-१५० लाइटनिंग आणि लॉर्डस्टाउन एंड्युरन्स, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये टेस्लाचा सायबरट्रक आला.

विद्युत गाडी म्हटले की लोकांना धास्ती बॅटरीची. ती अगदीच निराधार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्डच्या डिअरबॉर्न येथील आवारात डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या वेळी एका लाइटनिंगच्या बॅटरीने पेट घेतला, उत्पादन काही आठवडे बंद ठेवावे लागले आणि १८ गाड्या परत मागवल्या गेल्या. पण रिकॉलच्या नोंदी वाचत गेले की दिसते, पहिल्या लॉटमधल्या बऱ्याच मोठ्या चुका बोल्ट, गोंद, जोडण्या अशा जुन्याच, साध्या गोष्टींत झाल्या आहेत.

सायबरट्रकचे अ‍ॅक्सिलरेटर पेडल हे याचे बोलके उदाहरण. पेडलवर एक धातूची पट्टी बसवलेली असते. ती सहज सरकून बसावी म्हणून जुळणीच्या वेळी साबण वंगणासारखा वापरला जाऊ लागला. या बदलाला मंजुरी नव्हती. साबणाचा अंश मागे राहिल्याने पट्टीची पकड सैल झाली. जोरात दाबल्यावर ती वर सरकून वरच्या आच्छादनात अडकली, तर पाय उचलला तरी पेडल दाबलेलेच राहू शकत होते. ब्रेक मारल्यास गाडी थांबत होती, हे नशीब. एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ गाड्या परत मागवल्या गेल्या आणि दुरुस्ती काय, तर पट्टीला एक रिव्हेट.

मार्च २०२५ मध्ये याच गाडीच्या ४६,०९६ नगांचा रिकॉल निघाला. छताच्या कडेची स्टेनलेस स्टीलची पट्टी गोंदाने चिकटवलेली होती आणि हवामानामुळे गोंद ठिसूळ होऊन ती चालत्या गाडीवरून निसटण्याचा धोका होता. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ही भयंकर गोष्ट आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये रिव्हियनने सुमारे १२,२०० गाड्या, म्हणजे तोवर दिलेल्या जवळपास सगळ्याच, परत बोलावल्या. पुढच्या सस्पेन्शनमधला एक बोल्ट पुरेसा आवळला गेला नसण्याची शक्यता होती. प्रत्यक्ष दोष सुमारे एक टक्का गाड्यांतच असावा, असा कंपनीचा अंदाज होता. म्हणून रिकॉलच्या आकड्यावरून घाबरून जाऊ नये. कंपनीने दोष शोधून पुढे यावे हे ग्राहकाच्या हिताचेच आहे.

असे का होते? नमुन्याच्या गाड्या कसलेले तंत्रज्ञ सावकाश बनवतात. असेंब्ली लाइनवर मात्र कामगार नवे, पुरवठादारांचे साचे नवे आणि वर आठवड्याला उत्पादन वाढवण्याची घाई. त्यात पिकअपवर ओझे लादले जाते, मागे ट्रेलर जोडला जातो, चिखल-खड्ड्यांतून ती हाकली जाते. सैल जोडणी तिथे लवकर उघडी पडते. सायबरट्रकमध्ये तर ४८ व्होल्टची विद्युतयंत्रणा आणि स्टिअरिंग व चाके यांच्यात यांत्रिक दुवाच नसलेली रचना, अशा दोन्ही नव्या गोष्टी एकदमच आणल्या.

सॉफ्टवेअर दूरवरून सुधारता येते, ही या गाड्यांची खरी जमेची बाजू. तीही उलटू शकते: नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियनने चुकीची डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्रे असलेले अपडेट पाठवले आणि अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे स्क्रीन काळे पडले. शिवाय सगळेच सॉफ्टवेअरने सुटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये २,४३१ सायबरट्रकचे इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागणाऱ्या रूपात बदलणारा भाग) बदलावे लागले, कारण ते बिघडल्यास चालत्या गाडीची ताकदच जात होती.

सर्वांत मोठी जोखीम मात्र कंपनीच्या आयुष्याची. ओहायोतल्या लॉर्डस्टाउनने मोजक्याच गाड्या बनवल्या. विद्युत जोडणीतील दोषामुळे फेब्रुवारी २०२३ मध्ये १९ परत मागवल्या आणि जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अशा वेळी वॉरंटीच्या कागदामागे उभे राहणारे कोणी उरत नाही. जुन्या, मोठ्या कंपनीची गाडी या बाबतीत निश्चितच सुरक्षित.

अमेरिकेत सुरक्षेसंबंधीच्या रिकॉलची दुरुस्ती मोफत करून मिळते, आणि १७ अक्षर-अंकांचा वाहन क्रमांक टाकून सरकारी संकेतस्थळावर बाकी राहिलेले रिकॉल तपासता येतात. जुनी गाडी घेताना विक्रेता मॉडेलचे वर्ष सांगतो, पण त्यावर विसंबू नये. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत उत्पादनाचा महिना छापलेला असतो. गोंद, बोल्ट वा इन्व्हर्टर कारखान्यात कधी बदलला, याच्याशी तो महिना ताडून पाहावा.