मानवी भांडवल आणि आंतरपिढीय गतिशीलता

अपत्याचे उत्पन्न व शिक्षण आईवडिलांच्या परिस्थितीवर किती अवलंबून असते आणि शिक्षण, आरोग्य व कौशल्य यांवरील खर्चाने हे अवलंबित्व कितपत सैल होते, याचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रातील क्षेत्र.

माणसाच्या कौशल्याला भांडवल मानण्याची कल्पना केव्हाची, याविषयी एकमत नाही. सतराव्या शतकात विल्यम पेटी यांनी इंग्लंडमधील जनतेचे पैशातील मूल्य काढण्याचा प्रयत्न केला होता. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये नागरिकांनी मिळवलेल्या उपयुक्त क्षमतांचा समावेश देशाच्या स्थिर भांडवलात केला. शिक्षणावर झालेला खर्च पुढे वाढीव मजुरीतून वसूल व्हायला हवा, असेही ते म्हणतात. तत्त्व येथे आहे, मापन नाही. माणसाला संपत्ती म्हणून मोजू नये, असे मत जॉन स्टुअर्ट मिल यांचे होते आणि या संकोचामुळे विषय मागे पडला, असे थिओडोर शुल्ट्झ मानतात. आधुनिक मांडणीचे श्रेय बहुधा शुल्ट्झ यांच्या अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनमधील १९६० च्या अध्यक्षीय भाषणाला किंवा गॅरी बेकर यांच्या १९६४ च्या ग्रंथाला दिले जाते. जेकब मिन्सर यांचा प्रशिक्षणाची वर्षे व उत्पन्नाची विभागणी यांवरील लेख १९५८ चा असल्याने आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक.

पिढ्यांचा प्रश्न या चौकटीत बेकर व नायजेल टोम्स यांनी १९७९ आणि १९८६ मध्ये आणला. शिक्षणावरील परतावा जोवर बाजारातील व्याजदराहून अधिक आहे, तोवर पालक मुलावर खर्च करत राहतात. मात्र मुलाच्या भावी कमाईच्या तारणावर कर्ज मिळत नसल्याने गरीब पालकांना मध्येच थांबावे लागते आणि हुशार मूलही अर्धशिक्षित राहते. रयतेच्या श्रमातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही जोतीराव फुले यांची १८८२ मधील हंटर आयोगापुढील तक्रार या सिद्धान्ताच्या कितीतरी आधीची आहे; पण गाठ तीच आहे.

मोजमापासाठी आंतरपिढीय लवचिकता वापरतात : वडिलांच्या उत्पन्नात एक टक्का फरक असता मुलाच्या उत्पन्नात सरासरी किती टक्के फरक पडतो, हा तो आकडा; तो जितका मोठा, तितकी गतिशीलता कमी. अमेरिकेसाठी सुरुवातीचे अंदाज ०·२ च्या आसपास होते. त्यांच्या आधारे बेकर व टोम्स यांनी पूर्वजांचे बहुतेक लाभ-तोटे तीन पिढ्यांत पुसले जातात, असा निष्कर्ष काढला. हे अंदाज वडिलांच्या एखाद्याच वर्षाच्या कमाईवर बेतलेले होते. एका वर्षात आजारपण, बेकारी किंवा जादा काम यांमुळे कमाई वरखाली होते. हा गोंधळ गणितात शिरला की लवचिकतेचा आकडा खाली ओढला जातो. नमुना एकाच थरातील लोकांचा असला तर तो आणखी घटतो. १९९२ मध्ये गॅरी सोलन यांनी राष्ट्रीय पातळीवरील नमुना घेऊन पाच वर्षांपर्यंतची सरासरी काढली, तेव्हा आकडा ०·४ किंवा अधिक आला. भास्कर मजुमदार यांनी २००५ मध्ये याहून दीर्घ सरासरी घेतली. त्यांचा अंदाज ०·६ च्या जवळ जातो. वडिलांची कमाई सरासरीच्या दुप्पट असेल, तर मुलाची अपेक्षित कमाई लवचिकता ०·२ धरल्यास सरासरीपेक्षा सुमारे १५ टक्के, ०·४ धरल्यास ३२ टक्के आणि ०·६ धरल्यास ५२ टक्के अधिक भरते. मुलाची कमाई विशीत मोजली तर पुन्हा चूक होते, कारण अधिक शिकलेल्यांची मिळकत उशिरा चढते. दीर्घ सरासरीवरील अंदाज अधिक विश्वसनीय मानावेत.

ग्रेगरी क्लार्क यांनी दुर्मीळ आडनावांचा शतकानुशतके माग काढून सामाजिक स्थानाचे पिढ्यांमधील सातत्य ०·७ ते ०·८ इतके असल्याचे प्रतिपादन केले. ही पद्धत व्यक्तीऐवजी गटाच्या सरासरीचे सातत्य मोजते, हा आक्षेप वजनदार आहे. स्वीडनमधील दत्तक मुलांच्या अभ्यासांत (२००६) जन्मदाते व पालनकर्ते या दोघांचाही प्रभाव आढळला. म्हणून लवचिकतेचा आकडा पाहून कारण सांगता येत नाही.

भारतात बहुतेकांची मिळकत शेती व असंघटित व्यवसायांतली असल्याने दोन पिढ्यांच्या उत्पन्नाची तुलना क्वचितच जमते; शिक्षणाची करतात. सॅम ॲशर, पॉल नोव्होसाड व चार्ली रॅफकिन यांच्या मते १९५० च्या दशकात जन्मलेल्यांपासून पुढे एकंदर गतिशीलता फारशी बदललेली नाही. अनुसूचित जातींची वाढली, मुसलमानांची घटली.

कैवन मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग यांचा मुंबईतील दादर भागातील मराठी कुटुंबांचा अभ्यास (२००६) विशेष उल्लेखनीय आहे. १९९० नंतर इंग्रजीचा मोबदला वाढला, तरी श्रमिक जातींतील मुलगे मराठी माध्यमातच राहिले. जातभाईंच्या ओळखीने अंगमेहनतीचे काम लागत असे, आणि एकाने वाट सोडली की ती ओळख सर्वांसाठीच कमजोर होई. कुटुंबाच्या तिजोरीइतकेच जातीचे जाळेही मुलाचे शिक्षण ठरवते, हे बेकर-टोम्स प्रतिमानात बसत नाही. मुलींना त्या जाळ्यात पूर्वीपासून जागा नव्हती. त्यामुळे त्या इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या. इतरत्र मुलींची नोंद तुटक आहे : लग्नानंतर त्या माहेरच्या घरात राहत नाहीत आणि बहुतेक पाहण्या एका घरात एकत्र राहणाऱ्या माणसांचीच माहिती घेतात.